उशिरा आलेले आणि न आलेले

डिसेंबरात वाचणारी मंडळी वर्षभरातल्या पुस्तकांच्या याद्या काढतात. माझी यादी व्हिडिओ गेमची असते. यंदा ती जानेवारीपर्यंत लांबली, कारण एका नावाचा निकाल नुकताच लागला.

चाळिशी ओलांडलेली, नोकरी करणारी बाई रात्री मागचं आवरून कंट्रोलर हातात घेते, याचं पुण्यात, आमच्या बिबवेवाडीत, अजूनही नवल वाटतं. गेल्या वर्षी त्यात काळजीची भर पडली. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ जुलैत फिरला. त्यांनी आरोप फेटाळला, पण महिनाअखेरीस त्यांच्याकडे कृषीऐवजी क्रीडा खातं आलं. पाठोपाठ 21 ऑगस्टला संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. शेजारच्या काकूंनी हळूच विचारलं, "तुझं ते बंद झालं का गं?" म्हटलं, काकू, मी पैसे लावत नाही, एकदाच मोजते. शिवाय हाच कायदा ई-स्पोर्ट्सला रीतसर मान्यता देतो. काकूंचं फारसं समाधान झालेलं नाही.

तर आवडलेले गेम. पहिला नंबर 'ब्लू प्रिन्स'चा. 45 खोल्यांच्या वाड्यात 46वी खोली शोधायची. दार उघडलं की तीन खोल्या समोर येतात, त्यातली एक निवडून पुढे जायचं. दिवसाला पावलं 50. ती संपली की दिवस संपला, आणि दुसऱ्या दिवशी सगळी मांडणी पुसलेली. शिल्लक राहतं ते मुख्यतः आपल्याला कळलेलं. मी चक्क वही घालून नोंदी केल्या. माझा भाचा इथल्याच व्हीआयटी कॉलेजात शिकतो, रविवारी जेवायला येतो. वही बघून म्हणाला, "मावशी, याची उत्तरं यूट्यूबवर आहेत की." अरे, उत्तरंच हवी होती तर कोडं कशाला विकत घेतलं असतं?

दुसरा 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्सपिडिशन 33'. यातल्या शहरासमोर एक चित्रकर्ती दरवर्षी एक आकडा रंगवते आणि त्या वयाची सगळी माणसं विरून जातात. आकडा दरवर्षी एकाने उतरतो. यंदा 33. हिशेब केला तर आमच्या घरात भाच्याखेरीज कुणी उरत नाही. एवढं मरण भरलेलं असूनही गेम रडका नाही. आपल्या माघारी येणाऱ्यांसाठी वाट करून ठेवायची, एवढ्याच जिद्दीवर ही माणसं चालत राहतात. फ्रान्समधल्या मॉन्पेलिएच्या सँडफॉल या नव्या स्टुडिओचा हा पहिलाच गेम. डिसेंबरात 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये त्याने वर्षातल्या सर्वोत्तम गेमसह 9 पुरस्कार नेले.

तिसरा 'सिल्कसाँग'. फेब्रुवारी 2019 मध्ये घोषणा झाली आणि गेम आला 4 सप्टेंबर 2025 ला, आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला, ऐन गणपतीत. इकडे सोसायटीत आरती सुरू, तिकडे जगभरातली गर्दी एकदम लोटल्याने गेमची ऑनलाइन दुकानं कोलमडलेली. अ‍ॅडलेडच्या टीम चेरीची इनमिन तीन-चार माणसं. साडेसहा वर्षं लावून त्यांनी किंमत ठेवली फक्त 20 डॉलर. गेम मात्र छळतो. भाचा पुढे निघून गेला, मी अजून मधल्याच मुक्कामी आहे. तरी प्रत्येक मरणाला चूक आपलीच असते, त्यामुळे राग येत नाही.

भाच्याबरोबर खेळलेला 'स्प्लिट फिक्शन' चौथा. तो एकट्याने खेळताच येत नाही आणि दोघांत एकाने विकत घेतला तरी चालतो. मावशी-भाचे तासन् तास बोलताहेत, हे माझ्या बहिणीला या गेममुळे पहिल्यांदा दिसलं.

आता निराशा. एका बड्या कंपनीचा नेमबाजीचा गेम चार हजारांवर पैसे मोजून पहिल्याच दिवशी घेतला. नाव घेत नाही. मे महिन्यात पंख्याखाली कॉम्प्युटर असा तापला की खोलीत बसवेना, आणि चित्र अडखळतच राहिलं. दिवाळीच्या सुमारास तो दुरुस्त झाला, तोवर किंमत निम्म्यावर आली होती.

खरी हळहळ मात्र 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'ची. 2003 चा हा गेम आमच्या पिढीने कॉलेजात असताना खेळला. 2020 मध्ये तो नव्याने करायची घोषणा झाली आणि काम होतं युबिसॉफ्टच्या पुणे-मुंबईच्या स्टुडिओंकडे. आपल्या गावात प्रिन्स घडतोय, याचा केवढा अभिमान! पहिली झलक आली आणि चित्रं जुनाट दिसतात म्हणून जगभर टीका झाली. 21 जानेवारी 2021 ही तारीख आधी दोन महिन्यांनी, मग बेमुदत पुढे गेली. 2022 मध्ये काम मॉन्ट्रियलला गेलं. आणि यंदा 21 जानेवारीला, म्हणजे पहिल्या तारखेला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, गेम रद्द झाला. हवा तो दर्जा गाठायला आणखी वेळ आणि पैसा लागला असता, असं कंपनीचं म्हणणं.

त्या उदासीवर उतारा म्हणून पुन्हा 'राजी' लावला. हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ही गोष्ट पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केली. 2017 मध्ये लोकांकडून पैसे उभारायचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी 2020 मध्ये गेम आला आणि 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गटात नामांकनापर्यंत पोचला. मारामारी थोडी एकसुरी आहे, पण त्यातल्या भिंतींवरची चित्रं बघत थांबावंसं वाटतं.

गेम उशिरा येण्याचं मला तसं काही वाटत नाही. सिल्कसाँग उशिराच आला, ब्लू प्रिन्सही सुमारे आठ वर्षं शिजत होता. तिथे करणारी माणसं तीच राहिली आणि काय करायचंय ते त्यांना ठाऊक होतं. प्रिन्सचे हात मध्येच बदलले. आता सगळ्यांचे डोळे 'जीटीए 6'कडे आहेत. 2025 मध्ये यायचा हा गेम आधी 26 मे 2026 वर आणि मग 19 नोव्हेंबर 2026 वर गेला. घेऊ देत वेळ. तुम्ही मात्र त्याचे किंवा कुठल्याही गेमचे पैसे आगाऊ भरू नका. महिनाभर थांबा, खेळलेल्यांना विचारा, मग घ्या. गेम पळून जात नाही आणि किंमत बहुधा उतरतेच.