दंड कीं उपचार ?

वसतिगृहांत एखादा मुलगा गांजा ओढतांना सांपडला, कीं त्याचें नांव पटावरून कमी करून चालक मोकळे होतात. कायदा इतका निष्ठुर नाहीं. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यांत सेवनास कैद आहे खरी. परंतु कलम ६४-अ प्रमाणें जो व्यसनी आपण होऊन सरकारमान्य संस्थेंत उपचार पुरे करतो, त्याच्यावर खटला चालत नाहीं. (प्रायश्चित्ताची कल्पना आमच्या शास्त्रकारांस कांहीं नवी नव्हती !) पुड्या विकणाराची गोष्ट निराळी, त्याला दया नकोच. पण हांकलून दिलेला मुलगा लाजेनें घरीं येत नाहीं, आणि परक्या शहरांत त्यास दारांत उभें करणारा पुष्कळदां तो पुडीवालाच उरतो. प्रवेशाच्या वेळीं पालक खानावळीची चौकशी करतात. उपचार घेऊन आलेल्या मुलास परत घेणार काय, हेंही त्यांनीं चालकांस विचारावें.