अर्धा आटा सैल

बुटाची नाडी काढून सॅक्सोफोनला बांधायची वेळ माझ्यावर येईल, असं कुणी वर्षभरापूर्वी म्हटलं असतं, तर मी त्याला कटिंग पाजून घरी पाठवलं असतं. पण आली. तीही ऑफिसच्या बुटाची, सोमवारी सकाळी जो घालून प्रेझेंटेशन द्यायचं होतं त्याची.

झालं असं. आमचे काका टेनर सॅक्स वाजवायचे. दिवसा बँकेत, रात्री लग्नांत आणि डान्स पार्ट्यांत. मनोहारी सिंग म्हणजे त्यांचा देव. ‘आराधना’चा (1969) सॅक्स टीव्हीवर लागला की घरात कुणी भांडंसुद्धा वाजवायचं नाही. काका गेले आणि सॅक्सची पेटी माळ्यावर गेली. मी सॅक्सच्या क्लासला जातोय हे कळल्यावर काकूने ती खाली काढायला लावली. म्हणाली, “वाजवणार असशील तर ने. शोकेसमध्ये ठेवणार असशील तर राहू दे.” पुढच्या महिन्यात तिला पंचाहत्तर पूर्ण होणार होती. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, “तुझ्या वाढदिवसाला वाजवतो.”

घरी येऊन पेटी उघडली. सॅक्स होता, वरची वळलेली नळी होती, धातूचा माउथपीस होता, सुकलेल्या चार रीड्स होत्या. लिगेचर नव्हतं.

आता लिगेचर म्हणजे काय, असं विचाराल. मलाही क्लास सुरू होईपर्यंत माहीत नव्हतं. सॅक्सोफोन अख्खा पितळेचा, पण घराण्याने तो बासरी-क्लॅरिनेटच्या बाजूचा, कारण आवाज निघतो तो वेताच्या एका पातळ पट्टीतून. तीच रीड. तिचं टोक साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं पातळ असतं. ही रीड माउथपीसच्या सपाट पाठीवर बसते आणि तिला धरून ठेवतो एक पट्टा. एक-दोन स्क्रू असलेला, अंगठीचा थोरला भाऊ शोभावा असा. ते लिगेचर. अडॉल्फ साक्स या बेल्जियन माणसाने 1846 मध्ये पॅरिसला पेटंट घेतलेलं ते अवाढव्य वाद्य शेवटी या इवल्याशा पट्ट्यावर चालतं. पट्टा नीट बसला नाही, तर रीडच्या कडेने हवा गळते आणि सुराऐवजी रिक्षाचा ब्रेक ऐकू येतो.

रविवारी धोबी तलाव गाठलं. दुकानदाराला रुबाबात सांगितलं, “टेनरचं लिगेचर द्या.” त्याने दिलं. पाकिटावर ठळक ‘टेनर’ लिहिलेलं. घरी आणून चढवलं तर वडिलांचा कोट पाचवीतल्या मुलाला घातल्यासारखं. दोन्ही स्क्रू शेवटपर्यंत पिळले तरी पट्टा गोल फिरतोय!

चूक दुकानदाराची नव्हती, माझी होती. टेनरचे माउथपीस मुख्यतः दोन तऱ्हांचे. एक एबोनाइटचा, म्हणजे कडक काळ्या रबराचा. तो मजबूत व्हावा म्हणून जाडजूड करतात. दुसरा धातूचा. धातू पातळ ठेवला तरी टिकतो, म्हणून हा सडपातळ. वाद्य तेच, आतली रीड तीच, पण कमरेचं माप वेगळं. शिवाय याला बुटासारखे सात-आठ-नऊ असे ठरलेले नंबर नाहीत. दोन कंपन्यांच्या एबोनाइटच्या माउथपीसची मापंसुद्धा जुळतील असं नाही. लिगेचर बनवणाऱ्या कंपन्या कुठल्या मॉडेलला कुठलं लिगेचर याचे तक्ते देतात खरे, पण काकांच्या माउथपीसवरचं नाव तीस वर्षांच्या घामाने पुसून गेलेलं.

मग सुरू झाला जुगाड. पट्ट्याच्या आत चिकटपट्टीचे थर लावले. घट्ट बसलं, पण रीड एका बाजूला कलली. मग सरांकडून त्यांच्या ऑल्टोचं एबोनाइटवालं लिगेचर मागून आणलं. ते टोकाकडून ऐटीत सरकलं आणि मध्येच अडकलं, कारण माउथपीस टोकाला निमुळता आणि मागे जाड. टोकाजवळ घट्ट, मागे रीड मोकळी.

शेवटी सर म्हणाले, “तुझ्या बुटाला नाडी आहे ना? काढ.” मला वाटलं गंमत करतायत. पण धातूची लिगेचरं येण्याआधी क्लॅरिनेटची रीड दोऱ्यानेच बांधायचे, आणि जर्मनीत अनेक क्लॅरिनेटवाले आजही दोरीच वापरतात. लिगेचर हा शब्दच मुळी लॅटिनमधल्या ‘बांधणे’वरून आलेला. रीडचा तासलेला भाग मोकळा सोडून खालच्या जाड भागावर नाडीचे एकाला एक लागून घट्ट वेढे द्यायचे. दिले. फुंकलं. आणि चक्क सूर लागला! गोल, गरम, काकांच्या वेळचा वाटावा असा.

पण रीड बदलायची म्हणजे दहा मिनिटांचं नाडीपुराण. सूर जुळवताना माउथपीस जरा फिरवला की वेढे सरकायचे. आणि काकूच्या पंचाहत्तरीला, अख्ख्या गोतावळ्यासमोर, बुटाची नाडी? नको.

एका रात्री माउथपीस कोमट पाण्याने धूत होतो. गरम पाणी एबोनाइटला चालत नाही आणि धातूच्या मुलाम्यालाही नको, म्हणून कोमट. पुसताना दिव्याखाली दिसलं, मुलामा दोन ठिकाणी झिजलाय. गोल फिरणाऱ्या दोन बारीक, समांतर रेघा. काकांचं लिगेचर इतकी वर्षं बरोब्बर तिथे बसलं होतं. लिगेचर हरवलं होतं, पण त्याची जागा तिथेच होती.

म्हटलं, आता अंदाज बास, माप घेऊ. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी व्हर्निअर कॅलिपर हातात धरला होता, त्यानंतर आयुष्यात फक्त एक्सेल. गोरेगावला मित्राचं लेथचं वर्कशॉप आहे, तिथे गेलो. रीड जागेवर ठेवून दोन्ही रेघांवर रुंदी आणि उंची मोजली. पुढच्या रेघेवर रुंदी 21.8 मिलिमीटर, मागच्या रेघेवर 23.1. मित्राने विचारलं, “एवढ्यासाठी आलास?” एवढ्यासाठीच! माप एका जागी घेऊन भागत नाही, कारण आतून चढ असतो. आणि रीडशिवाय घेऊन तर अजिबात नाही, कारण पट्ट्याला तिलाही कवेत घ्यायचं असतं. व्हर्निअर नसेल तर कागदाची पट्टी गुंडाळून खूण करा आणि ती फूटपट्टीवर मोजा. फक्त माउथपीसच्या टोकाला धातू लागू देऊ नका. तिथे टवका उडाला तर लिगेचर सोडा, माउथपीसच गेला.

यापुढचं काम सोपं झालं. विक्रेत्याला मॉडेलचं नाव न सांगता मापं कळवली आणि सडपातळ धातूच्या टेनरसाठी असलेलं, दोन स्क्रूंचं साधं लिगेचर मागवलं. बाजारात हौसेला तोटा नाही म्हणा. सोन्याचा मुलामा दिलेली आहेत, रोव्हनरसारखे मऊ पट्टे आहेत, व्हँडोरेनच्या ऑप्टिममबरोबर तर रीड दाबायच्या तीन वेगवेगळ्या पट्ट्या येतात. कशाने आवाज ‘उजळ’ होतो आणि कशाने ‘गडद’, यावर सॅक्सवाले रात्र काढतात. त्यांच्या वादात मी पडत नाही. एवढं कळलं, की न बसणारं महागडं लिगेचर बसणाऱ्या नाडीपुढे हरतं.

कुरिअर आलं. आधी लिगेचर सैल चढवलं, मग रीड खालून सरकवली. उलटं केलं तर रीडच्या टोकाचा बळी जातो. पट्टा सरकत सरकत त्या दोन रेघांवर जाऊन थांबला. सरांनी शिकवलेली परीक्षा घेतली. मागचं भोक तळहाताने बंद केलं, तोंडाने हवा ओढून घेतली आणि माउथपीस बाहेर काढला. रीड क्षणभर चिकटून राहिली आणि ‘पॉक्’ करून सुटली. म्हणजे गळती नाही. ऑफिसात अप्रेझल झाल्यावरही मी इतका खूश नव्हतो झालो.

वाढदिवसाचा दिवस. हॉल भरलेला, केक कापून झालेला. स्टेजवर रीड सरकेल या धास्तीने मी दोन्ही स्क्रू दात-ओठ खाऊन पिळले आणि फुंकलं. आवाज निघाला, पण नाक चोंदल्यासारखा. वरच्या सुराला तर चक्क किंचाळी. पुतणे फिस्सकन हसले. मी घाम पुसत स्क्रूला आणखी हात घातला, तेवढ्यात पहिल्या रांगेतून काकूचा आवाज आला.

“अरे, आणखी काय पिळतोस? हे घट्ट करून झालं की मागे घ्यायचे. अर्धा आटा. दर वेळी.”

जिला सारेगमच्या पुढचं काही येत नाही ती काकू. पण फार पिळलं की रीडची पाठ वाकते आणि तिचा श्वास कोंडतो, हे सर मला आठ महिने सांगत होते. मी दोन्ही स्क्रू अर्धा आटा मागे घेतले. फुंकलं. आवाज हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला. काकू काही बोलली नाही, फक्त हातातली केकची बशी खाली ठेवली.

नंतर जेवताना म्हणाली, “मी ह्यांना नेहमी विचारायचे, सैलच करायचंय तर आधी घट्ट कशाला करता?”

“मग काका काय म्हणायचे?”

“काय म्हणणार? वाजवायला लागायचे.”