अडवलेले अश्रू आणि आपले कर्तव्य

मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावी वैद्याकडे येणारा तरुण रुग्ण आपले दुःख सहसा दुःख म्हणून सांगत नाही. झोप नाही, अन्नावर वासना नाही, छातीत धडधडते, चक्कर येते, एवढेच तो सांगतो. आपण अश्वगंधा वा सारस्वतारिष्ट देतो. काही दिवस बरे वाटते आणि तीच तक्रार घेऊन तो पुन्हा दारात उभा राहतो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवेगान्धारणीय अध्यायात अश्रूंचा वेग अडविल्याने प्रतिश्याय, नेत्ररोग, हृद्रोग, अरुची व भ्रम होतो असे सांगितले आहे. उपाय म्हणून निद्रा, मद्य आणि प्रिय कथा सुचविल्या आहेत. दारूने पोळलेल्या आपल्या गावांत मद्याचा सल्ला कोणी देणार नाही. परंतु येथे औषधीकल्पाआधी विश्रांती व आपुलकीचा शब्द सांगितला आहे, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते.

जुलै २००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात बुलढाणाही होता. भर होता तो कर्ज, व्याज आणि सिंचन यांवर. त्या काळात पितृछत्र हरपलेली बालके आज पंचविशी-तिशीत आहेत. 'आता तूच घरचा कर्ता' असे सांगून त्यांचे रडणे थांबविले गेले. कोणी व्यसनी घरातील मारहाण सोसली, कोणी त्याहूनही न सांगण्याजोगे. १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, साडेनऊ हजार प्रौढांच्या पाहणीत बालपणीच्या अशा आघातांचा पुढील आयुष्यातील हृदयविकार व यकृतविकारांशी संबंध आढळला.

मग योग्य आधार कोणता? आमच्या मते जो घाई न करता ऐकतो, ऐकलेले गुप्त ठेवतो, सांगण्याची वा क्षमा करण्याची सक्ती करीत नाही आणि महिनोन्‌महिने सोबत राहतो, तो. 'झाले गेले विसर' म्हणणारा आधार देत नाही, तो अश्रू पुन्हा अडवितो. सत्त्वावजय हा चिकित्सेचा स्वतंत्र प्रकार आचार्यांनीच मानला आहे. मात्र खोल आघातासाठी प्रशिक्षित समुपदेशक वा मानसोपचारतज्ज्ञ हवा. तेथे पाठविण्यात वैद्याचा कमीपणा नाही. वेळेवर रुग्ण पाठविणे हेही चिकित्साकौशल्यच होय.

बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय मोताळ्याहून एका बसच्या अंतरावर आहे. २०२२ पासून 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालतो व तेथे मराठीतही बोलता येते. रुग्ण आत्मघाताची भाषा बोलू लागल्यास त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. अत्याचार सोसणारे मूल अठरा वर्षांखालील असेल, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यान्वये पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. तेथे गुप्ततेची सबब चालत नाही.

औषधी दुकानदार बंधूंनाही एक विनंती. झोपेसाठी वारंवार तीच बाटली नेणाऱ्या ग्राहकाला 'आणखी एक देऊ का?' याऐवजी 'झोप कधीपासून नाही?' असे विचारावे. मेध्य रसायने निःसंशय उपयोगी आहेत, पण ती ऐकणाऱ्या माणसाची जागा घेऊ शकत नाहीत. प्रत्येक चिकित्सालयात व दुकानात १४४१६ हा क्रमांक ठळक लावावा आणि अशा रुग्णासाठी आठवड्यातील एक निवांत तास राखून ठेवावा, इतकेच आम्ही सुचवितो.