सासवण्याचा मूर्तिकार

आपल्या मंडळींना अलिबागकडची गावं सांगायला नकोत. किहीम, आवास, नवगाव तर आपल्या आडनावांतच बसलीत. त्याच किनाऱ्यावर सासवणे आहे. विनायक पांडुरंग करमरकर तिथे १८९१ साली जन्मले. घरात गणपती बनवत, तेव्हा मातीत हात लहानपणापासूनच.

मुलांनो, भिंतीवर चित्र काढलं की आई ओरडते ना? या विनायकाने गावच्या देवळाच्या भिंतीवर शिवाजीमहाराज काढले. कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांनी ते पाहिलं, आणि पोराला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धाडलं. साहेबाची नजर तिकडे गेली नसती तर? दोन पावसाळ्यांत चित्र पुसलं असतं, आणि मुलगा कुठे भाताच्या खाचरात राहिला असता. अशी किती मुलं राहिली असतील, कोण मोजणार!

जे. जे.मध्ये त्यांना मेयो पदक मिळालं. पुढे रवींद्रनाथांचे पुतणे सुरेंद्रनाथ टागोर यांच्या आधाराने कलकत्त्याला कामं केली, १९२० मध्ये लंडनला रॉयल अकॅडमीत शिकले. मग आला पुण्याचा अश्वारूढ शिवाजी, साडेतेरा फूट उंच. मुंबईत माझगावला तो ब्राँझमध्ये सलग ओतला. ओतताना धातू मध्येच निवला असता तर सगळी मेहनत वाया! तो आगगाडीने घाटातल्या बोगद्यांतून पुण्याला नेला, आणि १९२८ च्या जूनमध्ये अनावरण झालं.

पण आम्हाला विचाराल तर त्यांची सिमेंटची कामं जास्त आवडतात. ब्राँझ राजांसाठी, संगमरवर साहेबांसाठी. यांनी साध्या सिमेंटात कोळीण केली, म्हैस केली. आम्ही जन्मभर नर्सिंग केलं, माणसांची हाडं-स्नायू पाहिले. खांदा खरा की खोटा, ते आम्हाला लगेच कळतं.

रिकार्टनच्या मुलांनी तोवर क्राइस्टचर्चमध्ये कॅप्टन स्कॉटचा पुतळा पाहावा. त्यांच्या पत्नी कॅथलीन स्कॉट पॅरिसला शिकलेल्या शिल्पकार, त्यांनीच तो केला. २०११ च्या भूकंपात संगमरवर घोट्यांपाशी मोडला, २०१७ ला परत उभा केला. घोटे नीट बघा.

करमरकर १९६७ मध्ये गेले. सासवण्याच्या त्यांच्या घरी त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. डिसेंबरात गावी जाणारांनी मांडव्याला उतरून, नवगावला जाता जाता तिथे थांबावं. म्हैस चुकवू नका.