माती न वाचणारा जलसंधारण अधिकारी

राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाने २०२३ च्या अखेरीस जलसंधारण अधिकाऱ्यांच्या ६७० जागा काढल्या. पात्रता? स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका. झालं! खात्याच्या नावात पहिला शब्द 'मृद', आणि अटीत मातीचा पत्ता नाही. कृषी अभियांत्रिकीत मृद-जलसंधारण हा स्वतंत्र विषय शिकवतात, पण मागणी स्थापत्यवाल्यांची. (२०२४ मध्ये अमरावतीच्या केंद्रावरच्या गैरप्रकारामुळे ती परीक्षाच रद्द करून पुन्हा घ्यावी लागली, ते वेगळंच.)

मंडळी, आमच्या जऊळक्याकडे या म्हणजे माझा राग कळेल. वाशीम जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसलाय. काटेपूर्णेचं पाणी पूर्णा-तापीतून अरबी समुद्राला, पैनगंगेचं गोदावरीतून बंगालच्या उपसागराला. खाली सगळा काळा पाषाण. कुठे तो कुजून मुरूम झालेला, तिथे पाणी मुरतं. कुठे अखंड, तिथे बंधारा बांधा की हौद बांधा, सारखंच. हे ओळखायला त्या पदविकेत कोण शिकवतं?

भिंत उभी राहायला अभियंता लागतो, कबूल. नायगावला पाणी पंचायत उभी करणारे विलासराव साळुंखे अभियंतेच होते. पण १९७२ च्या दुष्काळानंतर ते माळावर जाऊन राहिले! हिवरे बाजारचे पोपटराव पवार तर वाणिज्य शाखेचे. दोघांनी डोंगरमाथ्यापासून खाली काम आणलं. उलट जलयुक्त शिवारात नाल्यांमध्ये यंत्रं घातली, आणि ९,६३३ कोटी खर्चूनही भूजल फारसं वाढलं नाही, असं महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये लिहून ठेवलं.

पर्यावरण मंजुरीचं तेच. अहवाल करणारा सल्लागार मान्यताप्राप्त हवा, पण गावाच्या विहिरींपाशी तो एक पावसाळा राहिलेला हवा, अशी अट नाही. जनसुनावणीआधी मराठीत मिळतो तो सारांश तेवढा.

"तोंडी परीक्षा ठेवली की वशिला आला," असं काही जण म्हणतील. मग तोंडी नको, मोजमाप ठेवा. नेमणुकीआधी जून ते मे एकाच गावात राहावं, महिन्याला वीस विहिरींची पातळी लिहावी, उताराचा नकाशा स्वतः काढावा आणि ग्रामसभेत वाचून दाखवावा. पहिली कोणती विहीर आटते आणि का, एवढं सांगता आलं तर नेमणूकपत्र द्या.

आपल्या घरातली जी पोरं या परीक्षेची तयारी करताहेत त्यांनी जूनमध्ये इकडे यावं. दोरी आणि वही मी देतो.