थरथरणारा हात आणि जातीचे नाव

जयपूरच्या एखाद्या पेढीवर चाळिशीतील अग्रवाल व्यापाऱ्याचा हात हिशेब लिहिताना थरथरू लागतो. पुढे चालताना तोलही जातो. हे अकाली वार्धक्यच असते असे नव्हे. 'एससीए-१२' हा आनुवंशिक विकार १९९९ साली जर्मन वंशाच्या एका अमेरिकन कुटुंबात ओळखला गेला. भारतात मात्र तो मुख्यत्वे अग्रवाल समाजात आढळला. पाचव्या गुणसूत्रावरील एका जनुकात तीन अक्षरांची पुनरावृत्ती प्रमाणाबाहेर वाढते, हे त्याचे मूळ. कोणा दूरच्या पूर्वजाकडून आलेला हा दोष जातीतल्या जातीत विवाह होत राहिल्याने तेथेच टिकला असावा. गोत्र टाळूनही काही साधत नाही. कारण माता किंवा पिता, एकाकडून आलेला दोषही पुरेसा होतो, व प्रत्येक अपत्यास तो मिळण्याचा संभव निम्मा असतो.

मुंबईच्या पारशांत कंपवाताचे प्रमाण १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लाखात ३२८ भरले. परंतु त्या आकड्यामागे समाजातील वृद्धांची मोठी संख्याही होती. तेव्हा जातीचे नाव डॉक्टरांस वाट दाखवील, निदान नव्हे. अग्रवाल नाही म्हणून एखाद्याची रक्तचाचणी टाळणे हेही शास्त्र नव्हे. विकार समूळ बरा करणारा उपाय अद्याप नाही. म्हणून चाचणी करावी की नाही, हे निरोगी मुलामुलींनी सज्ञान झाल्यावर स्वतः ठरवावे, सोयरीक जुळविणाऱ्यांनी नव्हे.