उसना आवाज

जुन्नर तालुक्यातील नारायणगाव ही तमाशाची पंढरी. यात्रांचा हंगाम जवळ आला की येथे फडांच्या राहुट्या पडतात आणि जुन्नर-आंबेगावचेच नव्हे, तर दूरदूरचे गावकारभारी सुपारी ठरवायला येतात. याच गावाचे नाव लावणाऱ्या विठाबाई नारायणगावकर २००२ साली निवर्तल्या. राज्य शासन आज त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. आणि गावोगावच्या यात्रांत ढोलकीला बाजूला सारून ‘रेकॉर्ड डान्स’ रंगतो. सत्कार कलावंताचा, सुपारी यंत्राला!

उपासनासंगीताच्या चर्चेत तमाशा कशाला, म्हणून कोणी नाक मुरडील. परंतु ढोलकीवाल्याकडे क्षणभर पाहा. त्याची नजर नाचणारीच्या पावलांवर खिळलेली असते. पाऊल रेंगाळले तर त्याचा हात थांबतो. दाद मिळाली तर तोडा वाढतो. झीलकरी सूर उचलून धरतात. ध्वनिफितीला मात्र ना पाऊल दिसते, ना माणूस.

हाच उसना आवाज आता आपल्या मिस्सेत शिरू पाहत आहे. कळ दाबली की वाद्ये, गायनवृंद सारे सिद्ध! प्रथम पेटीवाला जातो, मग वृंद आणि शेवटी बाकांवरचा आवाज. रोमच्या ३ सप्टेंबर १९५८ च्या सूचनापत्राने ग्रामोफोन, टेपरेकॉर्डर आदी यंत्रांना उपासनेत स्पष्ट मनाई केली होती. गायनाला नुसता आधार म्हणूनसुद्धा. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने भाविकांचा सक्रिय सहभाग मागितला. १९७३ मध्ये सवलत मिळाली ती मुलांच्या मिस्सेपुरती, तीही बिशप मंडळांच्या नियमांना धरून.

“लहान धर्मग्रामाने वादक कोठून आणावा?” हा प्रश्न खरा आहे. पण वादक नसेल तर वाद्याविना गावे. घरी अंथरुणाला खिळलेल्या आजाऱ्याला ध्वनिफितीने खुशाल दिलासा द्यावा, सरावालाही ती उपयोगी पडावी. वेदीपाशी मात्र आपण ऐकायला नव्हे, अर्पण करायला येतो. गरीब विधवेने स्वतःच्या दोन टोल्या टाकल्या. शेजारणीची थैली उसनी आणली नाही.

म्हणून यंत्रावर खर्चायचा पैसा धर्मग्रामातील मुलांना पेटी-तबला शिकवण्यासाठी खर्चावा. त्यांचे सूर चुकतील. चुकू द्यावेत. देवाला चुकलेला सूर चालेल. गैरहजर माणूस कसा चालेल?